पेटी, तबला, तंबोरा: सॅम्पलची वाद्यं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात कशी न्यायची

सॅम्पलच्या वाद्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे ध्वनीच्या फायली: वेव्ह, फ्लॅक, एआयएफएफ, जे काही असेल ते. दुसरा भाग मॅपिंग. कोणती फाइल कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत वाजायची, किती जोराला कोणता थर लागायचा, लूप (स्वर धरला की पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) कुठे सुरू होऊन कुठे संपायचा, बोट उचलल्यावर आवाज किती वेळात विरायचा, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. प्रोग्रॅम बदलला तरी फायली त्याच राहतात. बिघडतं ते मॅपिंग. म्हणून ‘कन्व्हर्टर कोणता चांगला’ हा प्रश्न नंतरचा. मूळ मॅपिंगमध्ये काय आहे आणि त्यातलं काय नव्या जागी पोचणारच नाही, हे आधी पाहायचं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या संगीत वर्गांत आणि गणेशोत्सवाच्या मंडळांत दिसणारी परिस्थिती साधारण अशी असते: कोणीतरी कॉन्टॅक्ट या सॅम्पलर प्रोग्रॅममध्ये पेटी बांधली आहे, साथीला बसणाऱ्याच्या लॅपटॉपवर फक्त मोफत प्लेयर आहेत, आणि ऑर्केस्ट्रावाल्याकडे कोर्गचा कीबोर्ड आहे. एकच पेटी तिघांकडे वाजायला हवी. पुढची कृती तेवढं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

कोणता फॉरमॅट काय पेलतो

एसएफझेड ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. सॅम्पल शेजारच्या फोल्डरात वेगळे असतात. स्फोर्झांडो आणि एसफिझ हे मोफत प्लेयर ती वाजवतात. डिसेंट सॅम्पलरची प्रीसेट फाइल एक्सएमएलमध्ये असते, म्हणजे तीही वाचता येते. त्याची डीएसलायब्ररी ही नाव बदललेली झिप फाइलच असते.

साउंडफाँट म्हणजे एसएफ२ मध्ये सॅम्पल आणि मॅपिंग एकाच फायलीत बंद असतात. फॉरमॅट जुना आहे, पण जवळजवळ सगळीकडे चालतो. कोर्गच्या पीए मालिकेतले बरेच कीबोर्डही तो आत घेतात, फक्त आपल्या मॉडेलची मेमरी किती हे आधी पुस्तकात पाहून घ्या.

लॉजिक या मॅकवरच्या संगीत प्रोग्रॅमच्या ईएक्सएस फायलीत फक्त मॅपिंग असतं, आवाज बाहेर असतो. २०२० मध्ये लॉजिक १०.५ आलं तेव्हा जुन्या ईएक्सएस२४ ची जागा ‘सॅम्पलर’ने घेतली, पण जुन्या फायली त्यात उघडतात.

कॉन्टॅक्टची एनकेआय फाइल सर्वांत अवघड. त्यात स्क्रिप्ट असते, इफेक्ट असतात, सॅम्पल बहुधा एनसीडब्ल्यू नावाच्या दाबलेल्या (पण गुणवत्ता न घटवणाऱ्या) रूपात असतात, आणि विकत घेतलेल्या लायब्ररीत ते कुलूपबंद कंटेनरमध्ये असतात. कुलूपबंद लायब्ररी रूपांतरित होत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. परवान्याच्या अटी वाचा. बऱ्याच कंपन्या त्यांच्या आवाजांपासून दुसरं सॅम्पल वाद्य बनवायला मनाई करतात, मग ते फायली काढून केलेलं असो वा पुन्हा रेकॉर्ड करून. यापुढचं सगळं स्वतः रेकॉर्ड केलेल्या किंवा तशी मोकळीक असलेल्या सॅम्पलसाठीच आहे.

थेट जाऊ नका

एनकेआयवरून एकदम एसएफ२ वर जाण्याचा मोह होतो. तसं केलं की गडबड कुठे झाली ते कळत नाही, कारण दोन्ही फायली डोळ्यांनी वाचता येत नाहीत. थेट गाडी नसली की ग्वाल्हेरहून निघालेला माणूस झाशीला गाडी बदलतो, तसं इथे एसएफझेडला उतरायचं. एकदा मॅपिंग टेक्स्टमध्ये आलं की चूक सापडते, ‘शोधा आणि बदला’ने दुरुस्त होते, आणि पुढे कोणत्याही फॉरमॅटला जाता येतं.

या कामाला कन्व्हर्टविथमॉस हा मोफत प्रोग्रॅम सध्या सर्वांत सोयीचा. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. कॉन्टॅक्ट (कुलूप नसलेल्या फायली), ईएक्सएस, एसएफझेड, एसएफ२, डिसेंट सॅम्पलर, एमपीसीचे कीग्रुप, बिटविगचे मल्टीसॅम्पल असे बरेच फॉरमॅट त्याला कळतात.

१. एक छोट्या नावाचं फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी बनवा. डेस्कटॉपवर फोल्डरात फोल्डर करत गेलात तर विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आड येते आणि काही सॅम्पल गुपचूप गायब होतात.

२. मूळ वाद्याची संपूर्ण प्रत त्यात ठेवा. काम नेहमी प्रतीवर करायचं.

३. स्रोत म्हणून ते फोल्डर आणि मूळ फॉरमॅट निवडा. गंतव्य म्हणून एसएफझेड आणि एक रिकामं फोल्डर.

४. आधी नुसतं ‘अ‍ॅनलाइझ’ चालवा. त्यात प्रत्यक्ष फायली बनत नाहीत, पण कोणता सॅम्पल सापडला नाही आणि कोणती गोष्ट समजली नाही याची यादी खाली दिसते. ती यादी टेक्स्टमध्ये साठवून ठेवा.

५. यादी स्वच्छ झाली की मग ‘कन्व्हर्ट’.

६. मूळ फोल्डरातल्या सॅम्पलची संख्या आणि नव्या फोल्डरातली संख्या ताडून पाहा.

फायलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. मराठीत ‘पेटी_नर’ असं नाव दिलेलं छान दिसतं, पण झिप करून दुसऱ्या संगणकावर उघडताना त्याचे चौकोन होतात. शिवाय एसएफ२ मध्ये सॅम्पलचं नाव २० अक्षरांत, तेही साध्या रोमन अक्षरांत बसवावं लागतं. नावातला फरक करणारा भाग, म्हणजे नोटचा आकडा, पहिल्या २० अक्षरांत आला पाहिजे, नाहीतर कापल्यावर सगळी नावं सारखीच होतात. विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. तिथे मॅपिंगमध्ये लिहिलेलं नाव आणि फायलीचं नाव अक्षरशः एक असावं लागतं. फोल्डरच्या वाटेत उलटी तिरकी रेघ असेल तर ती सरळ तिरकी करून टाका. ती सगळीकडे चालते.

रूट नोट, आणि सप्तकाचा घोळ

रूट नोट म्हणजे सॅम्पल ज्या पट्टीवर आपल्या मूळ सुरात वाजतो ती पट्टी. रूपांतरानंतर वाद्य बरोबर एक सप्तक वर किंवा खाली वाजत असेल तर घाबरायचं कारण नाही. मिडी (कीबोर्ड आणि प्रोग्रॅम यांच्यातली स्वरांची भाषा) मधला ६० नंबरचा स्वर म्हणजे मधली पांढरी एक. याला काही प्रोग्रॅम ‘सी ३’ म्हणतात, काही ‘सी ४’, आणि एफएल स्टुडिओ ‘सी ५’. कॉन्टॅक्ट आणि लॉजिक पहिल्या पंथातले, एसएफझेड दुसऱ्या. म्हणून स्वराची नावं कुठेच वापरू नका, फक्त आकडे वापरा. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी एक ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, काळी दोन ६३, पांढरी तीन ६४, पांढरी चार ६५, काळी तीन ६६, पांढरी पाच ६७, काळी चार ६८, पांढरी सहा ६९, काळी पाच ७०, पांढरी सात ७१. सप्तक खाली गेलं की बारा वजा. खात्री करायची असेल तर कंपनसंख्या मोजा: ६९ म्हणजे ४४० हर्ट्झ, ६१ म्हणजे २७७.२, ४९ म्हणजे १३८.६.

पेटीत इथे एक जास्तीचा सापळा आहे. खर्ज आणि नर असे दोन सूर एकत्र बोलत असतील तर ट्यूनर कधी खालचं सप्तक दाखवतो, कधी वरचं. काही सॅम्पलना एक रूट, काहींना दुसरा असं झालं की वाजवताना मध्येच पेटी सप्तकभर उडी मारते. नियम एकच ठेवा: जो सूर नर रीडचा, तोच रूट.

एसएफझेडमध्ये रूट नोट लिहिलेलीच नसेल तर प्लेयर ती ६० धरतो. म्हणून सगळ्या पट्ट्यांवर सूर भलताच लागत असेल तर आधी प्रत्येक रीजनमध्ये (मॅपिंगमधली एका सॅम्पलची नोंद) रूट नोट सांगणारा ‘पिच कीसेंटर’ आहे का ते पाहा.

सूर सप्तकाने नाही, दीड पट्टीने चुकत असेल तर कारण दुसरं. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने (सॅम्पल रेट) रेकॉर्ड केलेली फाइल ४४,१०० ची समजून वाजवली की आवाज १४७ सेंटने (एका पट्टीचे १०० सेंट) उतरतो; उलट झालं की तेवढाच चढतो. हा आकडा लक्षात ठेवा. दीड पट्टीच्या आसपासचा फरक दिसला की मॅपिंगला हात न लावता सॅम्पल रेट तपासायचा.

बारीक सुरावटीचीही एक गंमत आहे. वेव्ह फायलीच्या आत ‘एसएमपीएल’ नावाचा एक छोटा कप्पा असतो, त्यात रूट नोट, सेंटमधला बारीक फरक आणि लूप लिहिता येतो. रूट आणि लूप बरेच प्रोग्रॅम वाचतात. बारीक फरकाकडे मात्र अनेक जण दुर्लक्ष करतात. तेव्हा सेंट नेहमी मॅपिंगमध्ये लिहा, फायलीच्या भरवशावर सोडू नका.

लूप कुठे तुटतो

लूपचे बिंदू सेकंदांत नसतात, नमुन्यांच्या संख्येत असतात. ४८,००० ची फाइल ४४,१०० केली की प्रत्येक बिंदूला ०.९१८७५ ने गुणावं लागतं. ९६,००० वर सुरू होणारा लूप ८८,२०० वर येतो. चांगला कन्व्हर्टर हे करतो, पण तुम्ही मधेच ऑडिओ एडिटरमध्ये फायली उघडून दर बदललात तर कोण करणार? शिवाय बरेच एडिटर साठवताना तो एसएमपीएल कप्पाच टाकून देतात, आणि लूप नाहीसा होतो. सुरुवातीची शांतता कापली तरी तेच: १,२०० नमुने कापले तर लूपचे दोन्ही बिंदू १,२०० ने मागे घ्यायला हवेत. दर बदलणं, कापणं, आवाज वाढवणं हे सगळं मॅपिंग बनवण्याआधी उरकावं.

दुसरी गोष्ट एका नमुन्याची. वेव्हच्या कप्प्यात आणि एसएफझेडमध्ये लूपचा शेवटचा नमुना लूपमध्ये धरलेला असतो. एसएफ२ मध्ये शेवटचा बिंदू लूपच्या बाहेरचा पहिला नमुना असतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने हा फरक धरला नाही तर लूप एका नमुन्याने लांब किंवा आखूड होतो. दोन सेकंदांच्या लूपला त्याने फारसा फरक पडत नाही, फार तर बारीकशी टिचकी ऐकू येते. पण काहींनी मेमरी वाचवायला एकाच कंपनाचा लूप ठेवलेला असतो. ४८,००० च्या दराला काळी एकचं एक कंपन साधारण १७३ नमुन्यांचं. त्यात एक नमुना वाढला की सूर १० सेंटने उतरतो, आणि तो उतरतो फक्त लूप सुरू झाल्यावर. सुरुवातीला सुरात, मग हळूच बेसूर अशी पेटी ऐकू आली तर आधी हेच तपासा.

तिसरी गोष्ट क्रॉसफेडची, म्हणजे लूपचं एक टोक विरताना दुसरं चढवत नेण्याची. कॉन्टॅक्टमध्ये लूपच्या जोडावर क्रॉसफेड वाजवतानाच लागतो. फायलीत तो नसतो. डिसेंट सॅम्पलरमध्येही तशी सोय आहे. एसएफ२ मध्ये नाही. तिथे जायचं असेल तर क्रॉसफेड फायलीतच भाजून घ्यावा लागतो. पॉलिफोन या मोफत साउंडफाँट एडिटरमध्ये लूप आपोआप बसवण्याचं टूल आहे. पेटीसाठी ते बरं काम करतं, तंबोऱ्यासाठी हाताने केलेलंच चांगलं.

एमपी३ कधीच वापरू नका. एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालतो, त्यामुळे बिंदू सरकतात. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक.

पेटी

ग्वाल्हेर हे नामांकित पेटीवादक भैया गणपतरावांचं गाव, तिथे पेटीबद्दल जास्त बोलणं बरं नव्हे, पण सॅम्पलरला तिच्याबद्दल एक मूलभूत गोष्ट ठाऊक नसते: पट्टी जोरात दाबली म्हणून पेटी मोठ्याने वाजत नाही. आवाज भात्याचा. एसएफझेडमध्ये ‘अ‍ॅम्प व्हेलट्रॅक’ लिहिलं नसेल तर ते १०० धरलं जातं, आणि मग व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर, १२७ पर्यंत) ६४ ला आवाज पूर्ण जोरापेक्षा साधारण १२ डेसिबल खाली येतो. पेटी पियानोसारखी ठेच खात वाजते. ते शून्य करा. भाता कंट्रोलर ११ वर, म्हणजे एक्स्प्रेशनवर द्या: ‘अ‍ॅम्प्लिट्यूड ऑनसीसी ११’ ला १००. एक्स्प्रेशन पेडल नसेल तर मॉड्युलेशन व्हील, म्हणजे कंट्रोलर १. एसएफ२ मध्ये कंट्रोलर ११ मुळातच आवाजाला जोडलेला असतो, पण व्हेलॉसिटीसुद्धा मुळातच जोडलेली असते. पॉलिफोनच्या मॉड्युलेटरमध्ये व्हेलॉसिटी ते अ‍ॅटेन्युएशन हा दुवा शून्यावर आणून ठेवावा लागतो.

रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर आवाज विरायचा वेळ, पाहायला विसरू नका. एसएफ२ मध्ये काही लिहिलं नसेल तर रिलीज सुमारे १ मिलिसेकंदाचा असतो. बोट उचललं की ‘टक्’. पेटीला ०.०८ ते ०.१५ सेकंद पुरतात. एसएफ२ मध्ये वेळ टाइमसेंटमध्ये साठतो: १ सेकंद म्हणजे ०, अर्धा सेकंद म्हणजे उणे १२००, पाव सेकंद उणे २४००. पॉलिफोन सेकंदांत दाखवतं, त्यामुळे हिशोब सहसा करावा लागत नाही. दुसऱ्या एखाद्या एडिटरमध्ये उणे आकडे दिसले तर ते काय हे कळावं म्हणून सांगितलं.

गंधार. साडेतीन सप्तकांच्या ४२ पट्ट्यांच्या पेटीला दर तीन पट्ट्यांमागे एक सॅम्पल धरला तर १४ सॅम्पल होतात, आणि प्रत्येक सॅम्पल तीन पट्ट्या सांभाळतो. काळी एकला सा धरून शुद्ध गंधार, म्हणजे ६५, षड्जाशी जुळता हवा असेल तर तो १४ सेंट उतरवायचा. आता ६४ चा सॅम्पल ६३ ते ६५ सांभाळतो आहे. संपूर्ण रीजन उतरवला तर ६३ आणि ६४ सुद्धा उतरतात. म्हणून रीजन फोडा: एकात ६३ ते ६४, दुसऱ्यात फक्त ६५ आणि ‘ट्यून’ उणे १४. फाइल तीच राहते. कोमल गंधाराला अधिक १६, शुद्ध धैवताला उणे १६, शुद्ध निषादाला उणे १२, पंचमाला फक्त अधिक २. ही मापं सा बदलला की सरकतात, तेव्हा काळी एक, पांढरी चार, काळी चार अशा नेहमीच्या पट्ट्यांच्या वेगळ्या एसएफझेड फायली ठेवा. त्या टेक्स्टच्याच आहेत, जागा खात नाहीत. आणि रागानुसार कान सांगेल ते खरं. आकड्यांना वेद मानू नये.

तबला

तबल्यात मॅपिंग अगदी उलटं. प्रत्येक बोल एका पट्टीवर, रूट नोट म्हणजे तीच पट्टी, लूप नाही, आणि लूप मोड ‘वन शॉट’, म्हणजे बोट उचललं तरी बोल पुरा वाजेल. कन्व्हर्टरने ‘नो लूप’ लिहिलं असेल तर गे (डग्ग्याचा घुमणारा बोल) अर्ध्यात तुटतो. इथे एकच शब्द बदलायचा असतो.

गे आणि के (डग्ग्याचा बंद बोल) यांचं नातं मात्र हाताने लिहावं लागतं. गेची आस चालू असताना के वाजला की ती बंद व्हायला हवी. एसएफझेडमध्ये केच्या रीजनला ‘ग्रुप’ १ द्या आणि गेला ‘ऑफ बाय’ १. त्यात ‘ऑफ मोड’ नॉर्मल करून रिलीज ०.०६ ते ०.०८ ठेवला तर तळवा टेकल्यासारखं वाटतं. मुळातला फास्ट मोड काही मिलिसेकंदांतच आवाज कापतो आणि ते यांत्रिक लागतं. एसएफ२ मध्ये यासाठी एक्स्क्लुझिव्ह क्लास आहे, पण तो दोघांना सारखाच द्यावा लागतो. परिणामी एका गेवर दुसरा गे आला तरी पहिला तुटतो. ठेक्यात चालून जातं, रेल्यात खटकतं.

आलटून पालटून वाजणारे सॅम्पल, ज्याला राउंड रॉबिन म्हणतात, एसएफझेडमध्ये ‘सीक्वेन्स लेंग्थ’ आणि ‘सीक्वेन्स पोझिशन’ने होतात. ‘ना’चे तीन सॅम्पल असतील तर लेंग्थ ३ आणि पोझिशन १, २, ३. एसएफ२ ला ही गोष्टच माहीत नाही. तिथे गेल्यावर तिन्ही एकदम वाजतात आणि ‘ना’ दणकट, थोडा विचित्र लागतो. उपाय दोनच: एक ठेवून दोन काढणं, किंवा तिघांना शेजारशेजारच्या तीन पट्ट्या देणं. दुसरा उपाय हाताने वाजवणाऱ्यासाठी उत्तम. आपल्याला दुसऱ्या पर्यायाचाच पक्ष घ्यावासा वाटतो, कारण तबल्यात एकसारखे दोन ‘ना’ लगेच कानाला लागतात.

डग्ग्याच्या मींडेसाठी पिच बेंड लागतो. मुळात तो २०० सेंट, म्हणजे दोनच पट्ट्या असतो. ‘बेंड अप’ ७०० करा आणि ‘बेंड डाउन’ उणे २०० राहू द्या. गे वरच घासला जातो.

तंबोरा

तंबोऱ्याचं पूर्ण आवर्तन एका फायलीत असेल तर ते दुसऱ्या पट्टीवर नेऊ नका. सॅम्पलर सूर चढवताना फाइल जलद वाजवतो: तीन पट्ट्या वर गेलं की १.१९ पट. सहा सेकंदांचं आवर्तन पाचावर येतं, आणि जवारीचा झणत्कारही पातळ होतो. चारही तारा सुट्या रेकॉर्ड करून त्या चार पट्ट्यांवर लावा, छेडण्याचा क्रम मिडीतून द्या. मग सूर आणि लय वेगवेगळे सांभाळता येतात. एका सॅम्पलला वर-खाली दोन पट्ट्यांपेक्षा जास्त ताणू नका.

उघडतच नसेल तर

स्क्रिप्टवर चालणारं वाद्य, रिलीजचे आवाज, इफेक्टची साखळी, कॉन्टॅक्टचे खास फिल्टर, यांपैकी बरंचसं पलीकडे जात नाही. एसएफ२ ला तर रिलीज ट्रिगर (बोट उचलल्यावर वाजणारा सॅम्पल) नाहीच आणि फिल्टर एकच, लो-पास. वाद्य तुमचंच असेल आणि त्याचा आवाज स्क्रिप्टमध्ये अडकला असेल तर ते वाजवून पुन्हा रेकॉर्ड करणं हाच सरळ मार्ग. लॉजिकमध्ये यासाठी ‘ऑटो सॅम्पलर’ आहे. इतर ठिकाणी हाताने मिडी ट्रॅक बनवा: दर तिसरी पट्टी, १० सेकंद धरून ३ सेकंद मोकळे. ४२ पट्ट्यांच्या पेटीला १४ गुणिले १३, म्हणजे ३ मिनिटं २ सेकंद. ४८,००० आणि २४ बिटला स्टिरिओमध्ये सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात, म्हणजे सगळं मिळून ५२ एमबीच्या आसपास. तबल्याला तीन थर पुरतात: व्हेलॉसिटी ४०, ८० आणि १२०. मॅपिंगमध्ये त्यांच्या सीमा १–५९, ६०–९९, १००–१२७ ठेवा. रेकॉर्ड करण्यापूर्वी रिव्हर्ब बंद करा. लूपमध्ये अडकलेला रिव्हर्ब काढता येत नाही.

प्रत्येक फाइल वेगळी नॉर्मलाइझ करू नका, म्हणजे एकेकीचा आवाज कमाल उंचीला नेऊ नका. हलका आणि जोराचा थर सारख्याच उंचीचे होतात आणि वाजवण्यातला चढउतार संपतो. सगळ्या एकत्र निवडून, सर्वांत मोठ्या फायलीच्या हिशोबाने एकाच मापाने वाढवा.

खरं वाद्यच पुन्हा रेकॉर्ड करणार असाल तर काही स्थानिक सूचना. मे महिन्यात आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलरची घरघर लूपमध्ये गेली की प्रत्येक स्वराबरोबर ती वर-खाली सरकते आणि रेकॉर्डिंगपेक्षा जास्त टोचते. पहाटे करा. तबल्याची शाई-पुडी उन्हाळ्यात चढते, पावसात उतरते. सगळे बोल एकाच बैठकीत घ्या, नाहीतर ‘ना’ एका सुरात आणि ‘तिं’ दुसऱ्या सुरात येतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा म्हणजे ५० हर्ट्झची घूं येणार नाही. ती काढायला म्हणून ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावण्याची सवय तंबोऱ्याला महागात पडते: काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते.

एसएफ२ मध्ये उतरताना

एसएफझेड नीट वाजू लागलं की ते पॉलिफोनमध्ये उघडून एसएफ२ म्हणून निर्यात करा. सॅम्पल १६ बिट ठेवा. २४ बिटची सोय फॉरमॅटच्या २.०४ आवृत्तीपासून आहे, पण बरेच प्लेयर आणि कीबोर्ड तिच्याकडे पाहतही नाहीत. स्टिरिओ सॅम्पल इथे डावा-उजवा अशा दोन मोनो फायलींची जोडी होऊन बसतात, त्यामुळे मेमरी दुप्पट. कीबोर्डसाठी पेटी मोनोच करा. स्पीकरच्या एका खांबातून वाजताना फरक कळत नाही. न वापरलेले सॅम्पल पॉलिफोनमधून काढून टाका. म्यूजस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमसाठी हवं असेल तर एसएफ३ निर्यात करा. त्यात आवाज दाबलेला असतो, पण कीबोर्ड ते वाचत नाहीत.

उलट्या दिशेला, म्हणजे जुनं एसएफ२ एसएफझेडमध्ये आणायला, फाइल स्फोर्झांडोवर ओढून टाकली तरी काम होतं.

तपासणी

एक मिडी फाइल बनवा: सर्वांत खालच्या पट्टीपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी एकेक सेकंद, तीन वेळा, व्हेलॉसिटी ४०, ८० आणि १२० ला. शेवटी एक स्वर २० सेकंद धरलेला, लूपसाठी. मूळ प्रोग्रॅममध्ये ती वेव्ह म्हणून काढा, नव्यातही काढा, आणि दोन्ही एकाखाली एक ठेवून ऐका. कान रीजनच्या जोडावर ठेवायचे: ६२ वरून ६३ वर जाताना आवाजाचा रंग अचानक बदलतो का, एखादी पट्टी मुकी आहे का, एखाद्या पट्टीवर दोन सॅम्पल एकदम वाजतात का. मुकी पट्टी म्हणजे ‘लोकी’-‘हायकी’ (रीजनची खालची आणि वरची पट्टी) मध्ये फट, दुहेरी म्हणजे त्यांचा ओव्हरलॅप. व्हेलॉसिटीच्या सीमांनाही हेच: एक थर ५९ ला संपून दुसरा ६० ला सुरू व्हायला हवा, दोघेही ६० वर नकोत.

वाद्य दुसऱ्याला देताना फोल्डर संगणकावर दुसरीकडे हलवून पाहा. तरीही वाजलं तर वाटा सापेक्ष आहेत, नाही वाजलं तर मॅपिंगमध्ये कुठेतरी ‘सी ड्राइव्ह’ पासूनची पूर्ण वाट लिहिलेली आहे, ती काढा. सोबत एक टेक्स्ट फाइल ठेवा: सॅम्पल रेट, बिट, मूळ सा, कोणते स्वर किती सेंट हलवले, भाता कोणत्या कंट्रोलरवर, सॅम्पल कोणाचे आणि वापरायची परवानगी कशी. सहा महिन्यांनी गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री कोणीतरी हीच पेटी काळी एकऐवजी पांढरी चारला मागणार असतं, आणि तेव्हा ते चौदा सेंट कुठल्या पट्टीवर आहेत हे त्या फायलीशिवाय कोणाला आठवत नाही.